मागच्या जिन्यानं कायम

"मागच्या जिन्यानं ये."

बाई दाराची एक फळी उघडून उभी होती. ठाकूरद्वारची जुनी इमारत, दुसरा मजला, रविवारची सकाळ. आतून धुपाचा वास येत होता. माझ्या अंगावर इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट. हातात सर्टिफिकिटांची पिशवी. मी म्हणालो, "साहेबांना भेटायचंय. म्युनिसिपालिटीतून आलोय." तिनं नाव विचारलं. मी सांगितलं, आडनावासकट. तिची मान जराशी मागं गेली. मग एकदम सगळं उमगल्यासारखी म्हणाली, "म्युनिसिपालिटीतून ना? मग पुढनं काय येतोस? मागच्या जिन्यानं ये. कालपासून मोरी तुंबलीय."

फळी बंद.

आणि मी मागं गेलो. पाय आपोआप वळले, खाली उतरले, घरगल्लीत शिरले. घरगल्ली म्हणजे दोन इमारतींच्या पाठींमधली बोळ, जिथं वरून सगळं पडतं. तिथून एक लोखंडी गोल जिना वर जायचा, संडास साफ करणाऱ्यांसाठी. तो मी चढलो. बापाचे पाय होते ते. त्याचा जन्म असल्याच वाटांनी गेला होता.

आता मी तिथं कशाला गेलो होतो ते सांगतो.

मी म्युनिसिपालिटीत सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. हंगामी. परीक्षा पास झालो होतो, खात्यानं नेमणूक दिली होती, वार्ड दिला होता. पण हंगामी माणसाला दर काही महिन्यांनी ब्रेक देतात. दोन दिवस घरी बसवायचं, पुन्हा नवी ऑर्डर. म्हणजे नोकरी सलग धरायला नको. ब्रेकच्या दिवशी चाळीत सकाळी दिसलो की लोक विचारायचे, "काय रे, काढला काय?" काय सांगणार? हसायचं.

नेमतं खातं, पण कायम करते कमिटी. निवडून आलेल्या मेंबरांची. कमिटीत तुमचं नाव कुणीतरी सुचवावं लागतं, दुसऱ्या कुणीतरी त्याला अनुमोदन द्यावं लागतं. मेंबरांना तुम्ही माहीत कसे असणार? म्हणून रीत अशी, की मीटिंगच्या आधीच्या रविवारी एकेका मेंबराच्या घरी जायचं. याला आमच्याकडं "तोंड दाखवणं" म्हणत. नव्या नवरीसारखं. सगळेच जात. माझ्या ऑफिसातला जोशी जायचा, सावंत जायचा, मीही गेलो. त्यांना चहा मिळाला, मला मोरी.

ठाकूरद्वारचे हे साहेब वकील, कमिटीतले मेंबर. त्यांच्याकडं मी मोठ्या आशेनं गेलो होतो. का, तर ते आमचे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आमच्या परळच्या मैदानात त्यांची सभा झाली, तेव्हा स्टेज बांधायला मी होतो. बांबू मी वाहिले. "इथं ना कुणी बामण, ना कुणी महार, इथं फक्त मराठी माणूस!" असं ते गरजले आणि घसा सुकला म्हणून पाणी मागितलं. पाणी मी नेलं, आमच्या घरच्या तांब्यातून. त्यांनी तांब्या माईकपुढं उंच धरला, सगळ्या मैदानाला दाखवला आणि मग प्यायले. काय टाळ्या पडल्या! आये गर्दीत उभी होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. घरी आल्यावर तिनं तो तांब्या चिंचेनं लख्ख घासून फळीवर वेगळा ठेवला. त्यातून पुन्हा कुणाला पिऊ दिलं नाही. मीही मूर्ख, मलाही ते बरोबर वाटलं.

तर मी मोरीच्या दारात उभा. बाईला म्हणालो, "बाई, मी इन्स्पेक्टर आहे. साहेबांना भेटायला आलोय." तिला काही कळेना. तिनं नवऱ्याला हाक मारली. साहेब आले. उघडे, सोवळं नेसलेले. मला बघून चेहरा उजळला की हो त्यांचा! "अरे, तू परळचा! पाणीवाला!" मला बरं वाटलं. लाज वाटते सांगताना, पण वाटलं. मी कमिटीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली. मग म्हणाले, "होईल तुझं काम. आता आलाच आहेस तर जरा बघ की. तुझ्या खात्याचंच तर आहे."

हसून म्हणाले. प्रेमानं. ते चिडून बोलले असते तर मी कदाचित फिरलो असतो.

अडला हरी. मी सर्टिफिकिटांची पिशवी जिन्याच्या कठड्याला अडकवली. शर्टाची बाही दुमडली. मोरीत कोपरापर्यंत हात घातला. केसांचे गुंते, काथ्या, भाताचा चिखल. ओढून काढला. पाणी खळखळत गेलं. बाईनं लांबून, उंचावरून माझ्या हातावर तांब्या ओतला. म्हणाली, "बरं झालं बाई." मग मला बिस्किटं दिली. कागदावर. मी ती घरगल्लीत टाकली.

घरी आयेला सांगितलं, "होईल म्हणालेत." मोरीचं सांगितलं नाही. तिनं माझ्या पँटीचा गुडघा बघितला, ओला, काळा.

आमचं अडलं होतं खोलीपायी. खोली म्युनिसिपालिटीच्या चाळीत होती. बाप रस्ता आणि घरगल्ल्या झाडायचा, त्याच्या नोकरीवर मिळालेली. बाप आदल्या वर्षी छातीनं गेला. आता घरात कुणी कायम नोकर नसेल तर खोली खाली करा, असा नियम. आणि एक सोपी वाटही होती. झाडूवाल्याच्या पोराला बापाच्या जागी लगेच घेत. मुकादमानं बापाचा पितळी बिल्लासुद्धा परत नेला नव्हता. "राहू दे वहिनी, पोराच्या कामाला येईल," म्हणाला होता. तोच नंबर, तोच रस्ता. आयेनं तो बिल्ला खिळ्याला टांगला होता. बघा गंमत. इन्स्पेक्टर व्हायचं तर परीक्षा, ब्रेक, कमिटी, सूचक, अनुमोदक. झाडू हातात द्यायला कमिटी बसत नाही. तिथं आम्ही जन्मतःच कायम.

आये रोज म्हणायची, "आरं, हातचं सोडून पळत्याच्या मागं किती लागशील? लाव की बिल्ला. डोक्यावर छप्पर तरी ऱ्हाईल." मी म्हणायचो, "थांब गं जरा." जोशी कायम झाला, सावंत कायम झाला. माझा विषय दरवेळी पुढं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, असं ऑफिसात माझ्या तोंडावर म्हणायचे. मलाच कंटाळा आला होता माझा.

मीटिंगच्या दिवशी बाहेर बाकावर बसून होतो. दुपार टळली. मग हाक आली. आत लांब टेबल, वर पंखा, मेंबर मंडळी चहा पीत होती. खात्याच्या साहेबानं माझा रिपोर्ट वाचला. काम समाधानकारक, तक्रार नाही. कुणाचं लक्ष नव्हतं. अध्यक्षांनी विचारलं, "नाव कोण सुचवतंय?"

वकीलसाहेब पुढं सरसावले. "मी सुचवतो. या मुलाला मी ओळखतो. याच्या हातचं पाणी मी हजारो लोकांसमोर प्यायलोय." थांबले. वाहवाची वाट बघितली. मग म्हणाले, "आणि मिजास म्हणून नाही हो. परवा घरी आला होता. इन्स्पेक्टर माणूस, पण आमची मोरी तुंबलेली बघितली आणि स्वतःहून हात घालून मोकळी करून दिली. आमची मंडळी तर थक्क! आपापलं काम न विसरणारी अशी माणसं हवीत आपल्या होऊ घातलेल्या राज्याला."

टेबलभर हसू फिरलं. वाईट नव्हतं ते हसू. कौतुकाचं होतं. एक मेंबर म्हणाले, "माझं अनुमोदन. आमच्याकडंही पाठवा एकदा." पुन्हा हसले. अध्यक्षही हसत माझ्याकडं वळले, "काय रे, खरं ना हे?"

"होय साहेब" एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. खोली राहिली असती. ब्रेक संपले असते. आयेचा रोजचा जप थांबला असता. पण माझ्या डोळ्यांपुढं आला तो फळीवरचा तांब्या. ज्यातून आम्ही स्वतः पाणी प्यायचं सोडून दिलं होतं. आमच्याच घरचा तांब्या, आणि आम्हीच त्याला शिवत नव्हतो. मला एकाएकी फार थकवा आला. आणि त्या थकव्यातूनच बोललो. रागानं नाही.

"स्वतःहून नाही साहेब. मला मागच्या जिन्यानं बोलावलं आणि मोरी काढायला लावली. मी कमिटीतल्या मतासाठी काढली."

अध्यक्षांचं हसू मावळलं. मी पुढं म्हणालो,

"आणि मोरी काढली म्हणून कायम करणार असाल तर मला कायम करू नका. इन्स्पेक्टर म्हणून करा."

वकीलसाहेबांचा चेहरा पडला. रागावले नाहीत ते, दुखावले. "मी याच्यासाठी एवढं केलं," शेजारच्याला म्हणाले. अनुमोदन देणाऱ्यानं कपबशी बाजूला सारली. "एवढा मान आहे तर इथं कशाला येतोस? बापाच्या जागी लाग की. तिथं लगेच कायम." अध्यक्षांनी कागद उलटा ठेवला. "विषय पुढच्या बैठकीला."

संपलं.

घरी गेलो आणि या खेपेला आयेला सगळं सांगितलं. मागचा जिना, मोरी, कागदावरची बिस्किटं, सगळं. ती चुलीपुढं बसून होती. आधी मला वाटेल ते बोलली. "तोंड शिवून बसायला काय झालं व्हतं तुला? म्हातारीला रस्त्यावर घालशील?" कपाळ बडवलं. मग उठली. फळीवरचा तांब्या काढला, माठात बुडवला आणि घटाघटा प्यायली. मला दिला. मीही प्यायलो.

पुढच्या आठवड्यात मुकादम आला. माणूस वाईट नव्हता, आमच्यातलाच. दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, वरनं विचारणा झाली. पोरानं बिल्ला लावायचा, नाय तर खोली सोडायची. उद्या हजेरीला पाठवा, बाकी मी बघतो." मी आयेकडं बघितलं. मला वाटलं, आता ही माझ्या पाया पडेल. तिनं खिळ्यावरचा बिल्ला काढला, पदरानं पुसला. बाप गेल्यापासून ती तो रोज पुसायची. आणि मुकादमाच्या हातावर ठेवला.

"त्याचा व्हता, त्यो गेला. घेऊन जा भावोजी."

मग माझ्याकडं वळली. "खोली गेली तर गेली. पर आता मागं फिरलास ना, तर माझं मेलेलं तोंड बघशील."

आम्ही शीवला मावशीकडं गेलो, पत्र्याच्या खोलीत. आयेला तिथला दमट वारा सोसला नाही. ती पुढं फार जगली नाही. हे मी कुणाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. किंमत सांगतोय.

मधे महाराष्ट्र राज्य झालं. दादरला रोषणाई, गुलाल, ढोल. मी त्या दिवशी कामावर होतो, नाचून गेलेल्या लोकांचा कचरा उचलला जातोय का ते बघत. आनंद मलाही झाला होता, खोटं का बोलू? बांबू मीही वाहिले होते. पण पाय दुखत होते आणि माझा ब्रेक दोन दिवसांवर आला होता.

नंतर एकदा वकीलसाहेबांचा शिपाई ऑफिसात आला. कमिटी बसणार होती. म्हणाला, "साहेब म्हणतात, झालं गेलं विसर. रविवारी घरी येऊन जा, विषय संपवून टाकू."

जोशी शेजारी बसला होता. हळूच म्हणाला, "जा रे बाबा. या खेपेला पुढनं घेतील."

मी शिपायाला म्हणालो, "साहेबांना सांग, माझा अर्ज कमिटीपुढं आहे. कायम करायचं तर तिथं करा. मी घरी येणार नाही. मागनं नाही, आणि पुढनंही नाही."

शिपाई गेला. मी वार्डात निघालो. हंगामीच.