बोरीतून पुण्याची गस्त

किस्से म्हणजे फळ्याखालच्या खडूच्या भुग्यासारखे, रोज झटकले तरी साचतातच. आमच्या परभणीकडच्या बोरीच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये सध्या सगळ्यात जास्त साचलेत ते पुण्याचे. शिकवतो आम्ही बोरीत, पण पोरं सगळ्यांची पुण्यात. त्यामुळे पुण्याचा कुठला भाग सेफ आणि कुठला नाही, हे आमच्याकडे मधल्या सुट्टीत ठरतं.

यंदा वादाला धार आली ती कदम सरांमुळे. त्यांच्या शीतलला पुण्यात नोकरी लागली. पहिलीच नोकरी, पोरगी हुशार. सरांची अट एकच. "आधी सेफ एरिया सापडू दे. न्हाई सापडला तर गप परभणीत बीएड कर." रुजू व्हायचा दिवस जवळ येत होता आणि शीतलचं तोंड बघवत नव्हतं.

* * *

जोशी मॅडमचं मत पक्कं, कोथरूड. त्यांचा मुलगा तिथं राहतो. मागे त्या त्याच्याकडे गेल्या आणि भाजीला निघताना बोरीच्या सवयीनं किल्ली समोरच्या बाईंच्या हातात ठेवली.

"मुलगा आला तर द्या."

"कोण मुलगा?" त्या बाईंनी विचारलं. कित्येक वर्षं दाराला दार लागून!

मॅडम तरीही ठाम. "एकदम सेफ. आत कोण राहतं ते शेजाऱ्यालाच ठाऊक नाही, चोराला काय कळणार?"

* * *

गरड सरांचा पक्ष हडपसरचा. तिथं ते मुलाची बाईक घेऊन दूध आणायला गेले आणि रोजच्यासारखे चालतच घरी आले. बाईक डेअरीसमोर, किल्ली बाईकलाच. बोरीत हे चालतं. कुणाला गाडी लागली तर नेतो, परत आणून लावतो.

दुपारी आठवलं. पळत गेले, तर गाडी जागेवर आणि किल्ली गायब. डेअरीवाल्यानं गल्ल्यातून किल्ली काढून दिली. "काका, गावाकडचे का?"

"बघा," सर आम्हाला म्हणाले, "अर्धा दिवस गाडी रस्त्यावर, कुणी हात लावला न्हाई. अजून काय पाहिजे?"

"सर, हडपसरचं कौतुक राहू द्या," जोशी मॅडम म्हणाल्या, "त्या डेअरीवाल्याला पेढे द्या."

* * *

कदम सर मात्र कुणाचंच ऐकेनात. मोबाइलवर कुठल्या भागात चेन ओढल्याची बातमी आली की तो एरिया कॅन्सल. कुठं घरफोडी झाली, तोही कॅन्सल.

"पप्पा, आता पुण्यात फक्त एसटी स्टँड उरला," शीतल म्हणाली.

"तिथं पाकीटमार लय हायेत."

त्याच आठवड्यात सरांच्या स्वतःच्या विहिरीवरची मोटार गेली, केबलसकट. शीतलनं शांतपणे विचारलं, "पप्पा, मग बोरी कॅन्सल करायची का?"

तिसऱ्याच दिवशी सर रजा टाकून तिला घेऊन पुण्याला निघाले.

* * *

शीतलच्या मैत्रिणीनं कर्वेनगरला स्वतःच्याच सोसायटीत एक खोली बघून ठेवली होती. दोघी वर गेल्या. सर म्हणाले, "तुमी व्हा पुढं, मी जरा बघतो."

आता बोरीत परका माणूस दिसला की पारावरून हाक येतेच, "कोण्या गावचे? कुणाकडं जायलाव?" इथं तसं कुणी विचारतं का, ते बघायला सर गेटजवळ उभे राहिले. कुणीच कुणाला विचारेना. मग सरांनीच सुरुवात केली. पार्सलवाल्याला विचारलं, कुत्रं फिरवणाऱ्या बाईंना विचारलं. शेवटी एक कार आली, ती नेमकी चेअरमनची.

"कुणाकडं जायलाव?"

"माझ्या घरी."

"बरं. घरी कोण कोण असतं?"

वर शीतल खिडकीची कडी लावून बघत होती, तेवढ्यात मैत्रिणीचा मोबाइल वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला होता. 'संशयित इसम. घरात कोण असतं ते विचारतोय. दारं लावून घ्या.' फोटोत सर.

शीतल जिने उतरत पळाली. गेटवरच्या केबिनबाहेर सर प्लास्टिकच्या खुर्चीत, वॉचमननं मनगट धरलेलं, भोवती अर्धी सोसायटी. आता नोकरी गेलीच, असं तिला वाटलं. रडू आवरत ती म्हणाली, "माझे पप्पा आहेत."

सर महिनाभरात पहिल्यांदा हसले.

"किती लवकर धरलं बघ मला. जा, सामान इथंच आण."