मारिसेलचा डोंगर

दुबईत मनखूलच्या दुकानात माती लागलेलं आलं नाकाशी नेलं आणि मारिसेल आठवली. फिलिपिन्सच्या एका बेटावरची ही मुलगी वीस वर्षांपूर्वी देऱ्याच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसायची.

वादळात तिच्या गावावर डोंगर खचला. घरचा फोन लागेना. त्या दुपारी ती गावाबद्दलच बोलत राहिली. उतारावर आल्याची शेतं आहेत, चर्चपर्यंत तासाभराचा चढ आहे, आई तो अजून अनवाणी चढते.

"लागेल फोन, इन्शाल्ला," स्क्रीनवरची नजर न काढता मी म्हणाले. "रिपोर्ट संपवते, मग सांग."

"ओके," म्हणून ती आपल्या स्क्रीनकडे वळली.

संध्याकाळी तिची आई गेल्याचं कळलं. मारिसेल गावी गेली, ती परतलीच नाही.

तेव्हा वाटलं, मी धीर दिला. आज कळतं, 'आई आहे' असं धरून ती तिच्याबद्दल शेवटचं बोलत होती, आणि मी तिला थांबवलं.