मधे बसलेली
भाजलेल्या शेंगांचा वास आला की मला लालबागचं ते थिएटर आठवतं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे दिवस होते आणि माझं नुकतंच बिजवराशी लग्न झालं होतं. घोषणा देऊन देऊन यांचा घसा बसलेला, घरात माझ्याशी शब्द नाही. माझ्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी सवतीचा टाक, म्हणजे यांच्या मेलेल्या पहिल्या बायकोची चांदीची प्रतिमा. नवं लुगडंसुद्धा आधी तिला दाखवायचं, मग मी नेसायचं. एका रविवारी हे मला सिनेमाला घेऊन गेले. सिनेमा भुताचा, पण हसवणारा. मेलेली बायको येऊन नवरा आणि नव्या बायकोच्या मधे बसायची, त्याच्या ताटातलं उचलून खायची. सगळं थिएटर खदखदत होतं. हसता हसता मी यांच्याकडे पाहिलं, तर हे डोळे पुसत होते. "काय झालं हो?" "काही नाही गं. तीपण अशीच माझ्या ताटातलं उचलायची." बसलेल्या घशातून केवढं गोड बोलले! मी टाक पोलक्यात खुपसला आणि शेंगांची अख्खी पुडी एकटीने संपवली. आता हेही गेले, तिच्याकडेच. जाऊ देत. मी मेले की आधी त्या दोघांच्या मधे जाऊन बसणार आहे.