तीन चांगल्या गोष्टींची वही

दहावीच्या मुलांचा ताण कसा हलका करावा, याचं एक दिवसाचं प्रशिक्षण घेऊन मी धायरीतल्या आमच्या शाळेत परतले, आणि हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे, तसं माझं झालं. वर्गाला एक नवी वही करायला लावली. रोज दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, सोमवारी वही माझ्याकडे द्यायची. आता, शिक्षिकेच्या हातात वही पडल्यावर ती तपासल्याशिवाय खाली ठेवते होय? मी शेरे देऊ लागले. छान. उत्तम. अजून सविस्तर लिही.

एका मुलीची वही मी वर्गात वाचून दाखवायचे. घर मूळचं यवतमाळकडचं, वडील इथे कारखान्यात. ‘आईने ठेचा केला. मैत्रिणीने डब्यातली चकली दिली. गणिताची भीती गेली.’ बघा, मी म्हणायचे, रडत बसण्यापेक्षा हे बरं नाही का? ती मान खाली घालून बसायची. मला तो विनय वाटायचा.

पूर्वपरीक्षेला ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशी मी घरी फोन केला, तर आई म्हणाली, ती रोज गणवेश घालून वेळेवर निघते. मग वर्गातल्या एकीने सांगितलं, ती स्वारगेटच्या स्टँडवर बसून असते. पेपरची वेळ संपेपर्यंत बाकावर बसायचं आणि मग घरी जायचं, असं तिचं चाललं होतं.

आई तिला घेऊन शाळेत आली. माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “मॅडम, तुमच्या वहीत तं रोज चांगलंच लिवत होती ना. म्हणून आम्ही बिनघोर होतो.”

त्या वर्षी ती बोर्डाला बसली नाही. त्या दिवशी दोघी निघताना मी मुलीला बाजूला घेऊन विचारलं, “अगं, इतकं होत होतं तर एकदा तरी लिहायचं ना?”

“लिहिलं होतं मॅडम. पहिल्याच सोमवारी.”

मला काही आठवेना. ती गेल्यावर मी कपाटातून तिची वही काढली. पहिल्या पानावर होतं, ‘आज चांगलं काहीच झालं नाही. पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं. कोणाला सांगू कळत नाही.’

खाली लाल शाईत माझं अक्षर. ‘विषयाला सोडून. पुन्हा लिही.’

त्याखाली तिने समास सोडून, नीट आकडे घालून तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या होत्या, आणि मी त्यावर ‘छान’ असा शेरा दिला होता.