आमच्या घरातला बाळंतवात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आणि खरं सांगू? सांगायला बसले की आधी आनंदच वर येतो. कारण आम्ही जिंकलो. माझी धाकटी बहीण वनिता आज तिरोड्याजवळच्या आपल्या सासरी दोन लेकरांची खमकी आई आहे. पण त्या जिंकण्यात माझी एक चोरी आहे.

मी गावची आशाताई. बाळंतिणींच्या घरी जायचं, बाळ दूध पितं का, आईला ताप आहे का, हे विचारायचं. कामात माझं नाव होतं, आणि त्या नावाचा मला भारी तोरा होता.

२०१२ साली वनिताला पहिलं बाळ झालं. बारसं झालं आणि ती गप्पच झाली. बाळ रडे, ही भिंतीकडे बघत बसे. ती नजर मी ओळखली. कशी नाही ओळखणार? १९९९मध्ये माझा मुलगा झाला तेव्हा मीही तशीच भिंत बघत महिने काढले होते. तेव्हा काकूनं कानात सांगितलं होतं, "तुह्या मायलेबी बाळंतवात झाला होता. कोनाले सांगू नको." बाळंतपणानंतर बाईचं मन असं विझतं, त्याला आमच्याकडे बाळंतवात म्हणतात.

मी वनिताला गोंदियाला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, घरात आधी कुणाला असं झालंय का? आणि मी — रोज दुसऱ्या बायकांना खोदून खोदून विचारणारी मी — "नाही" म्हणाले. का? तिच्या सासरची माणसं बाजूला उभी होती. आशाताईच येडी होती, असं गावभर झालं असतं. बस, एवढंच.

अशक्तपणाच्या गोळ्या मिळाल्या. दोन महिने वाया गेले. मग सासूनं ठरवलं — बाळ ठेवून घ्यायचं, हिला माहेरी पाठवायचं. वनितानं माझा पदर धरला. "ताई, मी येडी होऊन राहिली का वं?"

दुसऱ्याच दिवशी सासूसमोर मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, माझं आणि आईचं — फक्त "हे मला कालच काकूकडून कळलं, माझं दुखणंही तेच होतं हे आत्ता उमगलं" अशी थाप जोडून. त्या म्हणाल्या, बी घरातून येतं, पण रुजायचं की नाही ते जमीन-पाणी ठरवतं. आईची झोप, तिचं खाणं, तिच्यावरचा धाक, सगळ्याचा त्यात हात असतो. धान लावणाऱ्या सासूला ते लगेच पटलं! औषध सुरू झालं. बाळ आईजवळच राहिलं.

दुसऱ्या खेपेला तर मी आधीच कंबर कसली. डॉक्टरीणबाईंना पहिल्या महिन्यापासून सांगून ठेवलं. झोपेची वेळ ठरलेली, तेवढा वेळ बाळ सासूकडे. टोमणे मारणारीला मी दारातूनच परत पाठवलं. आणि वनिता हसत उठली! बारशाला तिनं स्वतः पाळणा म्हटला, बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई होती म्हणून मी आहो."

बायका माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. मी ते कौतुक घेतलं — पोटभर घेतलं. पहिल्यांदा "नाही" म्हणाले, तेव्हा मला सगळं ठाऊक होतं.