त्यांना भुताचे सिनेमे आवडायचे

मला बघायला आले तेव्हा छंद विचारला. मी म्हणाले, सिनेमा. मुलगाही म्हणाला, सिनेमा. हसनाबादच्या आमच्या बैठकीत सगळे हसले आणि तेवढ्यावरच लग्न ठरल्यासारखं झालं. कोणते सिनेमे, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

मला हसवणारे आवडतात. घरभर माणसं, गैरसमज, शेवटी सगळं सुरळीत. बदनापूरला संसार मांडल्यावर कळलं, यांना फक्त भुताचे आवडतात. हे जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत, रोज रेल्वेनं जाऊन-येऊन. रविवार तेवढा घरी. जेवणं झाली की खिडक्यांचे पडदे ओढायचे, टीव्ही लावायचे आणि मला हाक मारायचे.

"ये ना. एकट्यानं मजा येत न्हाई."

मी पहिल्यापासून भित्री. सिनेमातलं दार करकरलं तरी उशी तोंडावर घ्यायचे. हे ती हळूच बाजूला करायचे. "तोंड झाकू नको." मला वाटायचं, थट्टा चाललीय.

एकदा जालन्याच्या थेटरात दुपारच्या खेळाला गेलो होतो. पडद्यावर एक बाई जिना उतरत होती आणि तिच्यामागे हुबेहूब तिच्यासारखी दुसरी. थेटर चिडीचूप झालं होतं. यांचा हात धरायला मी वळले, तर यांचं तोंड माझ्याकडे. नुकतंच वळवलेलं नव्हतं. बराच वेळ तसंच बसलेल्या माणसासारखे ते खुर्चीत पुरते तिरके बसले होते. एका गालावर पडद्याचा उजेड, पापणी लवत नव्हती. सगळे किंचाळले, मीही किंचाळले. त्यानंतर, जरासं थांबून, हे शहारले.

गाडीची वाट बघत स्टेशनावर बसलो तेव्हा मी विचारलं, "तुम्ही सिनेमा बघतच नव्हता ना?"

"न्हाई," ते सहज म्हणाले. "तुला बघून राह्यलो होतो."

"का?"

त्यांनी थोडा विचार केला. "मला माझं माझं काही वाटत न्हाई. लहानपणापासून असंच. समोरच्याच्या तोंडावर दिसलं की मंग आत येतं. भीती बिलकुल जल्दी येते."

"मग हसायचे सिनेमे का नको?"

"माणसं खोटं खोटं हसतात गं. खोटं भीत न्हाई कुणी."

त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, माझं डोकं दुखलं तर मला कळायच्या आधी त्यांना कळायचं. माहेरी सगळ्या बहिणी माझा हेवा करायच्या. तेव्हा यात सांगण्यासारखं काय होतं? त्यांच्यापैकी कुणाला सांगितलं असतं तर म्हणाली असती, नवरा तुझ्याकडे बघतो, आणखी काय पाहिजे.

पुढच्या रविवारी मी ठरवून चेहरा दगडासारखा ठेवला. विहिरीतून कुणीतरी वर येत होतं. मी भिंतीवरच्या घड्याळाचा विचार करत राहिले. हे आधी हसले. मग खुर्ची जवळ ओढली. मग टीव्हीच्या आणि माझ्या मधे येऊन वाकले.

"आज काहीच न्हाई?"

मी मनात घड्याळाचे आकडे मोजत राहिले.

"मला काहीच कळून न्हाई राह्यलं," ते पुटपुटले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी नव्हती, काहीच नव्हतं. माणसं सोडून गेलेल्या खोलीत डोकावल्यासारखं वाटलं. तेव्हा मी घाबरले, सिनेमाला नाही, त्यांना. आणि ती भीती माझ्यादेखत त्यांच्या तोंडावर उमटली. ते दचकून मागे सरले आणि मला काय दिसलं ते बघायला पाठीमागे वळले.

तिथे कुणीच नव्हतं.

त्या दिवसापासून मी चेहरा लपवायचं सोडून दिलं. एक रविवार त्यांचा, एक माझा, असं ठरलं. माझ्या सिनेमांत ते आता हसतात, मी हसल्यावर जरासं थांबून. शेजारीण म्हणते, तुमच्या दोघांच्या आवडी किती जुळतात.

मागच्या उन्हाळ्यात आई गेली. हसनाबादच्या घरी बायका रडत होत्या आणि मला रडू येत नव्हतं. आतून सगळं सुकलं होतं. हे अंगणात पुरुषांमधे उभे होते, कोरडे, दारातून माझ्याकडे बघत. ते वाट बघत होते. शेवटी मावशीनं आईची बोटं माझ्या हातात दिली आणि मी फुटले. वर बघितलं तर यांच्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. सावरायला दोन माणसं धावली. सगळे म्हणाले, जावई असून लेकासारखा रडला. ते खोटं नव्हतं, हे मी आजही सांगू शकते. पण ते कुणाचं होतं, हे सांगता येत नाही.

संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी चहा आणला. समोर बसले, माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं.

"आता बरं वाटून राह्यलं तुला," ते म्हणाले.

त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मी आत चाचपून बघितलं. खरंच बरं वाटत होतं. त्यांनी म्हणायच्या आधीपासून की नंतर, ते मला ठरवता आलं नाही.