भोवऱ्याचा बैल

पोळ्याला पंधरा दिवस होते तेव्हा मी यवतमाळहून सकाळच्या मोटारीनं निघालो. टपावर माझी दोन पोती होती. त्यांत मी स्वतः कोरलेल्या सागवानी बैलांच्या तीस जोड्या. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी) लेकरं असे लाकडी बैल मिरवतात. कंडक्टरनं पोतं चाचपलं.

"काय हाय भाऊ यात?"

"बैल."

"मंग तिकीट तुमचं फाडू का त्याइचं?"

मोटारभर हशा पिकला.

आमच्या घरी चाळीस ढोरं (गुरं) होती. वडिलांना अक्षर येत नाही. पण एकेक गोऱ्हा विकून त्यांनी मला अमरावतीला शिकवलं. घराण्यातला पहिला बी.ए. मीच. कचेरीत कारकुनाची जागा मिळत होती आणि पोळ्याआधी उत्तर द्यायचं होतं. मला मात्र बैल घडवण्याचा धंदा करायचा होता. वडील म्हणाले, "फुलसावंगीले माल खपला तं तुया मनासारखं कर. नाही तं नोकरी धर."

आर्णीला उतरलो. तिथले करीमचाचा खरादी, म्हणजे लाकूड कातणारे. त्यांनी माझ्या बैलांसाठी चाकं करून ठेवली होती. ती बसवताना एका बैलाच्या मानेवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"बेटा, ये तो अभी अभी जू उतारके खडा है."

पदवीच्या दिवशीही मला इतकं बरं वाटलं नव्हतं. त्यांच्या घरची भाकर आणि अंबाडीची भाजी खाऊन पुढं निघालो.

महागावच्या पुढं बैलगाडी केली. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याला लागली होती आणि मधून तुरीच्या ओळी. एका नाल्यात चाक आसापर्यंत रुतलं. गाडीवान वैतागून म्हणाला, "उतरा मास्तर! तुमचे साठ बैल जुपा आता, माह्या दोघाइच्यानं नाही होत." दोघांनी खांदा लावला, गाडी निघाली, माझी एक चप्पल तिथंच राहिली.

फुलसावंगीच्या मोतीशेठ दुकानदारांनी सगळा माल घेईन असं कार्डानं कळवलं होतं. मी एका पायात चप्पल घालूनच ओट्यावर चढलो. त्यांनी एक बैल उचलला, उजेडाला धरला आणि खाली ठेवला. दुसरा पाहिला. तिसरा पाहिला.

"काहून रे बाप्पा, हे काय करून ठेवलं?"

"काय झालं, शेठ?"

"पाठीवर भोवरा! सगळ्याइले! असा बैल बजारात कोनी फुकट नेत नाही, अन् मी लेकराइच्या हाती देऊ पुजाले?"

भोवरा म्हणजे अंगावरच्या केसांचा वळसा. पाठीवरचा भोवरा खोडीचा मानतात, हे मला ठाऊक होतं. पण आमच्या घरच्या मोऱ्या बैलाला तो होता. त्याच्या पाठीवर बसून मी लहानाचा मोठा झालो. बैल म्हटलं की माझ्या हाताला मोऱ्याच आठवायचा, आणि प्रत्येक पाठीवर त्याचा भोवरा उतरत गेला होता.

शेठ मनाचे वाईट नव्हते. म्हणाले, "कानस घे. भोवरे घासून दे, मी माल ठेवतो."

मी ओट्यावर बसून घासायला लागलो. चार-पाच पाठी गुळगुळीत झाल्या असतील. मीठ न्यायला आलेली एक बाई थांबली. गंगाबाई तिचं नाव, स्वतः शेती करणारी. तिनं न घासलेला एक बैल उचलला.

"याले नको घासू, भाऊ."

शेठ म्हणाले, "खोडीचा हाय तो, गंगे."

"मले काय सांगता? आमचा ढवळ्या असाच होता. तुमीच हसले होते ना, हे बला कायले घेतली म्हून? बारा वर्सं वावर वाह्यलं त्यानं. औंदा गेला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "डावं शिंग खाली आलं होतं त्याचं. तसं करून देशील?"

मी पटाशी काढली. ती सांगत गेली, मी कोरत गेलो. मध्येच ती ओरडली, "अरे, मान एवढी ताठ कुठं होती? गरीब होता तो!" तोवर ओट्याभोवती माणसं जमली. एकाला त्याचा बांड्या बैल हवा होता, एकाला दारात उभी असलेली जोडी, एकाला मेलेली म्हैस. "म्हैस करतं का मास्तर, का फक्त बैलाचं शिक्षन झालं?"

घासलेल्या जोड्या शेठनं ठेवून घेतल्या, बाकीच्या घासून पाठवायचं ठरलं. वहीत मात्र मी लोकांनी करून मागितलेल्या अकरा जनावरांची शिंगं, रंग, खोडी लिहून आणल्या. परतताना आर्णीच्या पेटीत कचेरीला नकाराचं पत्र टाकलं.

घरी वडिलांना वही वाचून दाखवली. डोळे मिटून ऐकत होते. पाचव्या बैलाशी त्यांनी हात वर केला. "थांब. खांदा असा असन तं मागचे पाय फाकवून उभा राहीन तो. लिही."

कॉलेजात चार वर्षं मी पुष्कळ लिहून घेतलं. पण आमच्या गोठ्यातली माहिती कोणी सांगतंय आणि मी उतरवून घेतोय, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. मी लिहिलं. मग वडील म्हणाले, "आता सहावा वाच."